पाला पडला, पाला गेला

सातपुड्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकच शब्द दोन उलट अर्थांनी चालतो. आपल्याकडे पाला म्हणजे झाडाची हिरवी पानं. शेळीपुढे टाकायची, वासराला चारायची, गंजी संपली की ढोरं ज्यावर उन्हाळा काढतात ती. डोंगर ओलांडून मध्य प्रदेशातल्या निमाडात उतरलं, की पाला म्हणजे गोठलेलं दव. तिथं ‘पाला पडला’ म्हणजे एका रात्रीत उभं पीक जळालं. सीमेवरच्या बाजारात दोन्ही अर्थ कानावर पडतात आणि कोणता घ्यायचा हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. मला हा योगायोग लहानपणापासून बोचतो, कारण जो पाला आभाळातून उतरतो तो सगळ्यात आधी गुरांच्या तोंडचा पालाच नेतो.

मराठीत या गोठलेल्या दवाला दहिवर म्हणतात. शब्द देखणा आहे, पण आता तो फारसा छापून येत नाही. डिसेंबर-जानेवारीत अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-वालंबा भागात दवबिंदू गोठल्याची बातमी येते, गवताच्या पात्यावर साचलेल्या पांढऱ्या कणांचं छायाचित्र येतं, आणि लोक सातपुड्यातल्या तोरणमाळला मुक्कामाची सोय कुठं होईल ते विचारू लागतात. छायाचित्रातलं ते गवत कोणाच्या तरी गाईचं असतं. मला त्या गवताबद्दल लिहायचं आहे.

आणि सुरुवात मणिबेलीपासून करायची आहे. महाराष्ट्राची मोजणी जिथून सुरू होते ते हे गाव. अक्कलकुवा हा विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक १, आणि त्यातलं मतदान केंद्र क्रमांक १ मणिबेली. निवडणुकीचं पथक तिथं बोटीनं जातं. नर्मदेच्या दक्षिण तीरावर, सातपुड्याच्या अगदी पायाशी वसलेलं हे तडवी आणि वसावे भिलांचं गाव. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं जे गाव सर्वांत आधी बुडालं तेही हेच.

खरं सांगायचं तर दहिवर मणिबेलीच्या काठावर क्वचितच पडतं. धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर असते आणि तोरणमाळचं पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास. वर चढावं तशी हवा गार होत जाते, साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी. शिवाय एवढं मोठं पाणी दिवसभर ऊन पितं आणि रात्री ते हळूहळू सोडतं, त्यामुळे काठ उबदार राहतो. मग मणिबेलीच का? कारण गोठणारी रात्र डोंगरावर येते, पण तिचा हिशेब खोऱ्यातल्या चाऱ्यावर निघतो. वरचं हिरवं जळालं तर भरवसा खालच्या जमिनीचा असतो. मणिबेलीजवळ ती खालची जमीन उरलेली नाही.

आधी त्या रात्रीबद्दल. दहिवर पडायला हवामान खात्याच्या नोंदीत पारा शून्यावर यावा लागत नाही. खात्याचा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, सावलीच्या पेटीत असतो. आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर जमीन आणि गवत आपली ऊब थेट आकाशात फेकतात, आणि पेटीत तीन-चार अंश असताना पात्यावर शून्य होतं. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खळग्यात, नाल्याच्या वळणात, बांधाच्या आतल्या अंगाला साचते. म्हणून एकाच शेतात बांधालगतची ओळ काळी पडते आणि दहा पावलांवरची हिरवी राहते. ढग असले की मात्र ते गोधडीसारखे वर पांघरलेले असतात, तेव्हा भीती नसते. जुन्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. संध्याकाळी वारा अचानक थांबला, चूल पेटवल्यावर धूर वर न जाता घराभोवतीच लोंबकळला आणि चांदण्या नेहमीपेक्षा जवळ दिसल्या, की तो गोठ्याच्या तोंडावर पोतं टाकतो.

पहाटे जाऊन झाडाखाली बघावं. आंब्याच्या किंवा मोहाच्या मोठ्या झाडाखाली गवताचं एक हिरवं रिंगण उरलेलं असतं आणि रिंगणाबाहेर सगळं पांढरं. झाडानं आभाळ अडवलेलं असतं, म्हणून खालच्या पात्याची ऊब त्याच्याजवळच राहते. सूर्य वर आला की बाहेरचा पांढरेपणा मिनिटांत जातो आणि पहिले दोन तास वाटतं, काहीच झालं नाही. पानं ओली, गडद, तेलात बुडवल्यासारखी दिसतात. दुपारपर्यंत ती लोंबू लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कागदासारखी वाळून भुरकट होतात. मराठीत आपण याला ‘थंडीनं करपलं’ म्हणतो. उन्हानं होतं त्यालाही करपणं आणि थंडीनं होतं त्यालाही करपणंच, आणि ही भाषेची चूक नाही. पानात बर्फ आधी पेशींच्या बाहेर, मधल्या पोकळीत धरतो. तो बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढतो. म्हणजे पान गोठून मरतं तेव्हा बऱ्याच अंशी तहानेनंच मरतं. पेशीचं पातळ आवरण फाटलं, की ऊन लागल्यावर आतलं सगळं झिरपून जातं.

प्रत्येक चाऱ्याचा स्वभाव वेगळा. ओट हे थंडीचंच पीक, शून्याखाली थोडं गेलं तरी पानांची टोकं जाळून घेतं आणि पुन्हा उभं राहतं. याचं कारण गवतवर्गाच्या सगळ्या पिकांत सारखं आहे. रोप लहान असतं तेव्हा त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत, मातीच्या उबेत दडलेला असतो, आणि वर जळतं ती फक्त पानं. खोडाला कांडी धरली, की तो कोंब खोडातून वर सरकतो आणि मग दहिवर त्याला गाठतं. कोंब जगला का मेला हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पाच-सहा दिवस थांबावं, एक ताट बुडापासून उपटावं आणि विळ्यानं उभं चिरावं. आत पांढरा, टणक, तांदळाच्या कणीसारखा कोंब दिसला तर पीक ठेवायचं. तपकिरी, लिबलिबीत दिसला तर त्या ताटाला आता वाढ नाही, फुटवे आले तर बुडातून येतील. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चकित झालो होतो. एवढ्या मोठ्या शेताचा निर्णय नखाएवढ्या कणीवर.

हत्ती गवत, म्हणजे नेपियर, मूळचं उष्ण प्रदेशातलं. पारा दहा अंशांच्या खाली राहू लागला की ते वाढायचं थांबतं, आणि दहिवरात त्याचा शेंडा पूर्ण जळतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं यशवंत किंवा जयवंत लावलेल्या शेतकऱ्याला दोन महिने कापणीच मिळत नाही. बुडखे मात्र जिवंत असतात, फेब्रुवारीत ऊन तापलं की फुटतात. लसूणघास बऱ्यापैकी काटक आहे, पण तिथं धोका वेगळा. गोठलेली, दवानं चिंब लसूणघास सकाळी सकाळी घातली की जनावराला पोटफुगी होते. दव वाळेपर्यंत लसूणघास दाखवायची नाही, आधी कोरडा कडबा द्यायचा, हे आमच्या आईनं आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं.

आणि मग ज्वारी. नंदुरबार जिल्ह्यात हिवाळी चाऱ्याचं खरं नाव दादर आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळा सरता सरता पेरायची, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि दवावर वाढवायची, माघ-फाल्गुनात काढायची. दादरच्या भाकरीचं कौतुक सगळे करतात, पण शेतकऱ्याच्या मनात तिचा कडबाही धान्याइतकाच असतो. ज्वारीला थंडी सोसत नाही. पोटरीत किंवा फुलोऱ्यात असताना कडाक्याची थंडी पडली तर परागकण नासतात, कणीस पोचट राहतं. पण गुरांसाठी त्याहून मोठं भय ज्वारीच्या पानात असतं.

त्या भयाला आमच्याकडे किराळ म्हणतात. ज्वारीच्या हिरव्या पानात धुरिन नावाचं एक द्रव्य असतं. ते तसं निरुपद्रवी, पण त्याला फोडणारं विकर पानाच्या दुसऱ्या थरात, शेजारीच असतं. दोघांच्या मध्ये पेशींच्या भिंती असतात तोवर सगळं ठीक. दहिवर त्या भिंती फोडतं, दोघं एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, ज्याला आपण सायनाईड म्हणून ओळखतो तेच विष. गुडघ्याएवढी कोवळी ज्वारी, पाण्याच्या ताणानं खुरटलेली ज्वारी आणि कापलेल्या बुडख्यांना आलेले फुटवे, या तिन्हींत धुरिन सर्वांत जास्त. त्यावर थंडीची रात्र गेली की धोका कितीतरी वाढतो.

मी सातवीत होतो. आमचं शेत तापीच्या काठी. खरिपाची ज्वारी काढून झाली होती, धाटांच्या बुडख्यांना हातभर फुटवे आले होते, इतके लुसलुशीत की बघून बरं वाटावं. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी बांध पांढरा झाला होता. शाळेला सुट्टी होती म्हणून ढोरं माझ्याकडे दिली होती, आणि मी ती त्या रानात सोडली. आमची एक कालवड होती, पहिल्या वेताच्या आशेची. ती सगळ्यात पुढे, कारण ती सगळ्यात खादाड. अर्ध्या तासात ती थांबली. मान खाली, तोंडाला फेस, श्वास असा की बरगड्या मोजता याव्यात. मग पाय लुळे पडले. आई घागर घेऊन धावत आली, गुळाचं पाणी पाजायचा प्रयत्न केला, अर्धं बाहेर सांडलं. आबा गाडी जुंपून दवाखान्याकडे निघाले ते अर्ध्या वाटेवरून परतले. मला आजही तिच्या हिरड्यांचा रंग आठवतो. लालबुंद, जिवंत माणसाच्याही नसतात तशा. पुढे कळलं की सायनाईडच्या विषबाधेत असंच होतं. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीरातल्या पेशी तो घेऊ शकत नाहीत, म्हणून रक्त लालच राहतं आणि जनावर गुदमरून जातं. कोणी मला बोललं नाही. आबांनी संध्याकाळी ते सगळे फुटवे नांगरून टाकले.

या विषावर औषध आहे. सोडियम नायट्राईट आणि सोडियम थायोसल्फेट, शिरेतून. पशुवैद्य वेळेत पोचला तर जनावर डोळ्यांदेखत उठून उभं राहतं. पण ‘वेळेत’ म्हणजे मिनिटांत. आता हा हिशेब मणिबेलीला लावून बघा, जिथं बोटीशिवाय पोचायचं म्हणजे डोंगर चढून-उतरून. माणसांसाठी निदान नर्मदेच्या पाण्यावर तरंगता दवाखाना आला. ढोरांसाठी तसल्या गावांत जे काही आहे ते राखणाऱ्याच्या डोक्यातलं ज्ञान. म्हणून ते शब्दाशब्दानं नीट सांगायला हवं. दहिवर पडलेली हिरवी ज्वारी आठवडाभर तरी जनावराला दाखवू नये. थंडीनंतर बुडातून नवे फुटवे आले तर ते अधिक घातक समजावेत. फुलोरा उलटून गेलेली उंच ज्वारी बरीच सुरक्षित. नीट वाळवलेला कडबा निर्धास्त घालावा, कारण वाळताना हे विष उडून जातं. मुरघास केला तर तोंड बांधून निदान तीन आठवडे ठेवावा. उपाशी जनावर हिरव्यात कधीच सोडू नये. आणखी एक गोष्ट आहे जी वाळवूनही जात नाही: नायट्रेट. थंडीनं वाढ खुंटली की मुळांनी घेतलेला नत्र पानापर्यंत न जाता खोडाच्या खालच्या भागात साचतो. तिथं उपाय एकच, असं पीक कापताना बुडखा जरा उंच ठेवावा आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून थोडं थोडं घालावं.

आता मणिबेलीकडे परत.

नर्मदाकाठच्या या गावांत गाई-बैल हे दुधाचं साधन कधी फारसं नव्हतं. बैल नांगराला, गाय बैलासाठी, शेण रानाला, आणि अडीनडीला विकायला शेळ्या-कोंबड्या. ढोर हीच ठेव. चारा विकत घ्यायची कल्पनाच नव्हती. पावसाळ्यात डोंगर हिरवा, दिवाळीनंतर कापून ठेवलेलं गवत, शेतातला ज्वारी-मक्याचा कडबा, तुरीचं भूस, आणि हिवाळा-उन्हाळ्यात नदीचा काठ. पूर ओसरला की गाळाची पट्टी उघडी पडायची, तिच्यावर भाजीपाला, कलिंगड, आणि कडेनं कोवळं गवत. नदीच्या शेजारामुळे त्या पट्टीला थंडीची झळ कमी. म्हणजे डोंगरमाथ्यावर काही झालं तरी पायथ्याला हिरवं असायचं. वरचं आणि खालचं मिळून गावाचा एकच गोठा होता.

पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ ला नर्मदेवरच्या धरणाची कोनशिला बसवली. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ चा. महाराष्ट्रातली तेहतीस गावं बुडितात, त्यातली नऊ अक्कलकुवा तालुक्यातली आणि चोवीस अक्राणी तालुक्यातली. अक्कलकुव्याची नऊ अशी: मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, सिंदुरी, गमण, बामणी, डनेल, मुखडी, मांडवा. ही नऊ नावं मी पाठ केली आहेत, कारण नकाशावर ती आता पाण्याच्या रेघेला चिकटलेली दिसतात. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक बँक प्रकल्पाच्या कर्जातून बाहेर पडली होती. काठावरचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिरही बुडालं. १९९४ च्या जूनमध्ये ४४ देशांतल्या सव्वातीनशेहून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये असं जाहीर केलं, आणि त्या जाहीरनाम्याला नाव दिलं ‘मणिबेली’. देशोदेशी जिचं नाव गेलं त्या वस्तीत त्या पावसाळ्यात ढोरं कुठं बांधायची हा प्रश्न होता.

लोकांचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते लिहिलं जायलाच हवं होतं. ढोरांवर फार कमी लिहिलं गेलं. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली, काही तळोद्याकडच्या वसाहतींत, जिथं पुनर्वसनासाठी सुमारे ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली गेली. सपाटीवर जमीन मिळाली, पण चरायला डोंगर नव्हता आणि शेजारच्या रानात पाय ठेवला की भांडण. तिथं ढोरं कमी करावी लागली. उसाचं वाढं मिळतं, पण नुसतं वाढं रोज घातलं तर त्यातलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं. जी कुटुंबं हटली नाहीत ती पाण्याच्या वर, उतारावर घरं बांधत गेली. सरोवराचं पाणी उन्हाळ्यात खाली जातं तेव्हा पूर्वीसारखी घट्ट गाळपेरीची पट्टी उघडी पडत नाही. खोल, मऊ चिखल उघडा पडतो आणि पाणी प्यायला उतरलेलं जनावर त्यात रुततं. १५ सप्टेंबर २०१९ ला धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं, तेव्हा उरलीसुरली सखल जमीनही गेली.

म्हणून मी म्हणतो, मणिबेलीच्या ढोरांची आता एकच दिशा उरली आहे, वर. आणि वर थंडी आहे. एका वाईट रात्रीनं डाबच्या पठारावरचं नाल्याकाठचं हिरवं करपलं, तुरीचा फुलोरा गळाला आणि तिच्या भुशाचीही आशा गेली, तर खालच्या पाड्यांना वरून काही मिळण्याची शक्यता संपते. दोन आधारांपैकी एक पाण्यानं नेला, दुसरा अधूनमधून आभाळ नेतं.

किती चारा लागतो, याचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. सातपुड्यातली ढोरं लहान अंगाची, सव्वादोनशे-अडीचशे किलोची. जनावर रोज आपल्या वजनाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास कोरडा चारा खातं, म्हणजे साडेपाच-सहा किलो. पौषापासून ज्येष्ठापर्यंत सहा महिने धरले तर एका ढोराला हजार किलोच्या वर. दोन बैल, एक गाय, एक वासरू असलेल्या घराला तीन-साडेतीन टन गवत-कडबा डोक्यावरून वाहून आणावा लागतो. डोंगरातून एक बाई एका खेपेला वीस-पंचवीस किलोचा भारा आणते. खेपा तुम्हीच मोजा.

शिवाय थंडीत भूक वाढते. गाईच्या पोटात चूल असते. कोठीपोटातले जिवाणू धागेदार चारा आंबवतात तेव्हा जी उष्णता निघते तिच्यावर जनावर रात्र काढतं. म्हणून कडाक्याच्या दिवसांत सकाळी हिरवं आणि संध्याकाळी कडबा घालायची जुनी पद्धत योग्यच आहे, कोरडा चारा रात्रभर आत धुमसत राहतो. अंग ओलं, पोट रिकामं आणि वारा लागतो आहे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर वासरू पहाटेपर्यंत टिकत नाही.

जगात हे कुठं कुठं होतं ते पाहिलं की आपल्या रात्री किती सौम्य आहेत ते कळतं, आणि तरी त्या का मारतात तेही कळतं. मंगोलियात २००९-१०च्या हिवाळ्यात ऐंशी लाखांहून अधिक जनावरं गेली. तिथल्या गुराख्यांच्या भाषेत अशा हिवाळ्याला ‘झुद’ म्हणतात. पण झुदाची सुरुवात बहुतेक वेळा आदल्या उन्हाळ्यातच होते: पाऊस नाही, गवत नाही, ढोरं अशक्त, गंजी लहान. बर्फ नंतर येतो. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत चराईसाठी पेरलेला ओट आडवा झाला, कारण तिथलं पीक तेवढ्या थंडीला सरावलेलं नव्हतं. सराव हा इथं शब्दशः आहे. थंडी पायरीपायरीनं वाढली तर झाड पेशीत साखर साठवून स्वतःला तयार करतं, आज पंधरा अंश आणि परवा तीन असं झालं की तयारीला वेळच मिळत नाही. आपल्याकडे नेमकं असं होतं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पारा १.८ अंशांवर उतरला. तेव्हा द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटल्या आणि त्याची चर्चा राज्यभर झाली. द्राक्षाला बाजार आहे, विमा आहे, संघटना आहे. गवताला यांतलं काही नाही.

रात्र आलीच तर काय करावं? विहीर असेल त्यानं संध्याकाळी पिकाला हलकं पाणी द्यावं. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते. बांधावर ओला पालापाचोळा जाळून धूर करावा, वारा नसेल तर थोडाफार उपयोग होतो. पण डोंगरउतारावर विहीर नाही, संध्याकाळी देण्यासारखं पाणी नाही. तिथं उपाय रात्रीचा नाही, आश्विन-कार्तिकातला आहे. पवना, मारवेल, शेडा ही गवतं फुलोऱ्यात असताना कापली तर त्यांत कस असतो. आठ-पंधरा दिवस पावसाची उघडीप बघून, सावलीत परतून वाळवली तर हिरवटपणाही टिकतो. पौषात कापलं तर उरतो तो धागा, प्रथिनं निम्म्यावर येतात आणि कुसळी असेल तर तिची कुसळं जनावराच्या हिरड्यांत घुसतात. मग त्या निकस गवतावर युरियाची प्रक्रिया करता येते: शंभर किलो सुक्या चाऱ्याला चार किलो युरिया पन्नासएक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबून, झाकून एकवीस दिवस ठेवायचा. मात्र युरियाचं ते पाणी उघडं राहिलं आणि जनावराच्या तोंडी गेलं, तर जीव जातो. मी म्हणेन, वेळेवर कापलेलं गवत बरं.

वेळेवर कापायला रान हाती हवं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं चराईचा आणि गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क गावाला मान्य केला आहे. ज्या गावाला तो प्रत्यक्ष कागदावर मिळाला, ते आपलं गवताचं रान राखू शकतं, कोणत्या उताराला कधी विळा लावायचा ते ठरवू शकतं. जिथं मिळाला नाही, तिथं जो आधी पोचेल त्याचं गवत, आणि उरलेलं माघ-फाल्गुनात वणव्याचं. दहिवरानं लवकर वाळलेलं रान पेटतंही लवकर. चाऱ्याबद्दल बोलताना आपण बियाणं आणि वाण बोलतो, ते हवंच, पण मणिबेलीसारख्या गावाला आधी हवी आहे राखायला एक टेकडी आणि ती आपली असल्याचा कागद. हे मी कुणाच्या दयेपोटी लिहीत नाही. खालचं रान ज्यांनी घेतलं, वरचं देण्याची जबाबदारी त्यांचीच आहे.

धनत्रयोदशीची अस्तंब्याची यात्रा होऊन गेली, की डोंगरांतून गवत कापण्याचा आवाज येऊ लागतो. विळ्याचा आवाज लहान असतो, पण पन्नास विळे एका उतारावर चालू लागले की दरीभर कसकस ऐकू येते. संध्याकाळी बायका भारे घेऊन उतरतात. घरापुढे चार मेढींवर मांडव असतो, एक जण वर चढतो, खालून भारे फेकले जातात, तो ते पेंड्यांचे शेंडे आत आणि बुडखे बाहेर असे गोलाकार रचत जातो, म्हणजे दव आत उतरत नाही. सगळ्यात वर बोरीच्या काट्या. वासरू रात्री त्याच मांडवाखाली बांधतात. अंगणभर पांढरं पडलं तरी तेवढी जागा कोरडी राहते.